रद्दीतला इतिहास

सन १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे, तिघेही मराठी! मासिक जेमतेम तीन वर्षे टिकले. अशी जुनी नियतकालिके रद्दीत जाऊ नयेत म्हणून १९८४ साली भोपाळला सप्रे यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले.

सेक्टर ६ मध्ये मात्र क्वार्टर सोडताना गणेशोत्सवाच्या पत्रिका, नाटकांची हस्तपत्रके, जुनी छायाचित्रे प्रथम रद्दीवाल्याकडे जातात. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, याची नोंद दप्तरी आहे. इथल्या रंगमंचावर कोण उभे राहिले, हे त्या चिठोऱ्यांवरच. मजजवळच्या एका पत्रिकेमागे कुणीतरी पेन्सिलीने वर्गणीचा हिशेब मांडला आहे; सव्वा रुपया कमी पडतो.