‘वाचकांना आवडलं’ हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी



मागच्या पोस्टवर दोघातिघांनी विचारलं होतं, की एम.एस्सी. फिजिक्स करून इतिहासाच्या वाटेला कशी लागलीस आणि तिकडे सगळ्यात जास्त कुठं आपटलीस. वाटेला कशी लागले ते पुन्हा कधीतरी. आपटले कुठं ते आज सांगते, कारण पेट पास होऊन तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा याच जागी तुमचाही पाय घसरणार आहे.

माझा विषय मराठी विज्ञानकथा आणि तिचा वाचक. पहिल्या मसुद्यात मी झोकात लिहिलं होतं, ‘सत्तरच्या दशकात वाचकांनी विज्ञानकथेचं उत्स्फूर्त स्वागत केलं.’ पुराव्याला जुन्या मासिकांत छापून आलेली अकरा वाचकपत्रं. गाईडनी पेन्सिलीनं ‘वाचकांनी’ या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं: ‘कोणत्या?’ त्या एका शब्दापायी माझे चार महिने गेले.

विचार करा. छापलेलं पत्र म्हणजे संपादकानं निवडलेलं पत्र. लिहिणारा तो, ज्याच्याकडे पोस्टकार्ड, वेळ आणि मत तिन्ही होतं. मानवतच्या वाचनालयात पुस्तक वाचून गुपचूप परत करणारा माणूस माझ्या अकरांत कुठंच नव्हता. आणि ज्यानं दहाव्या पानावर पुस्तक मिटलं, तो तर कुठल्याच कागदावर सापडत नाही.

मग मी उलट टोकाचं उदाहरण शोधायला गेले, जिथं वाचकांची मतं ढिगानं आहेत. ते सापडलं ‘स्टार ट्रेक’च्या पुस्तकांत. ही अमेरिकन मालिका 8 सप्टेंबर 1966 ला सुरू झाली आणि 1969 मध्ये 79 भागांवर थांबली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची, तुमच्या आईवडिलांना विचारून बघा. मालिका चालू असतानाच जेम्स ब्लिश या विज्ञानकथालेखकानं तिच्या भागांच्या कथा करायला घेतल्या. पहिलं पुस्तक 1967 चं. 1970 मध्ये त्यानंच ‘स्पॉक मस्ट डाय!’ ही याच पात्रांवरची स्वतंत्र कादंबरी लिहिली.

अशा पुस्तकाचा वाचक वेगळा असतो. तो कोरा येत नाही. स्पॉकचा चेहरा, आवाज, भुवई उचलायची लकब हे सगळं डोक्यात घेऊनच तो पहिलं पान उघडतो. त्याचं मत बहुतेक वेळा एकाच मापानं येतं: ‘स्पॉक असं बोलणार नाही’, ‘टीव्हीवर तर असं नव्हतं’. वरवर पाहता ही साहित्याची समीक्षाच नाही, आणि मीही ती आधी बाजूला टाकली होती. चुकलंच.

कारण ब्लिशनं सुरुवातीच्या कथा मुख्यतः पटकथांवरून लिहिल्या. पटकथा चित्रीकरणाच्या वेळी बदलायची, पुस्तकात मात्र आधीचंच रूप राहायचं. हार्लन एलिसननं लिहिलेला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हा भाग एप्रिल 1967 मध्ये दाखवला गेला. त्याची मूळ पटकथा आणि पडद्यावर आलेला भाग यांत बराच फरक होता. ब्लिशनं 1968 च्या दुसऱ्या पुस्तकात दोन्हींतलं चांगलं ठेवायचा प्रयत्न केला आणि तसं वाचकांना सांगितलंही. आता ‘लेखकानं मनानं बदललं’ अशी कुणाची तक्रार समोर आली, तर माहिती म्हणून ती अपुरी आहे. पण या वाचकानं तो भाग पाहिला होता, नीट लक्षात ठेवला होता आणि त्याच्या लेखी खरी आवृत्ती पडद्यावरची होती, इतकं त्या तक्रारीतून कळतं. चुकीचं मतसुद्धा पुरावा असतं. फक्त ते कशाचा पुरावा आहे, हे आधी ठरवावं लागतं.

आकड्यांचंही तसंच. मालिका बंद होणार अशी आवई उठली तेव्हा 1967-68 च्या हिवाळ्यात चाहत्यांनी पत्रांची मोहीम काढली. एनबीसी वाहिनीनं एक लाख सोळा हजारांच्या आसपास पत्रं आल्याचं सांगितलं. पुढं दहा लाखांचाही आकडा सांगितला गेला. यातला कुठला घेणार? मी म्हणेन दोन्ही घ्या, पण कुणी, कधी आणि कशासाठी सांगितला ते शेजारी लिहा.

मालिकेवरून कादंबरी हा प्रकार मराठीत फारसा रुजला नाही. आपल्याकडे प्रवास बहुधा पुस्तकाकडून पडद्याकडे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आधी पुस्तकांत धावला, मग दूरदर्शनवर सुमीत राघवनच्या रूपात आला, आणि 2017 मध्ये अमेय वाघच्या. तिथं वाचक बरोबर उलट भांडतो, ‘पुस्तकातला फाफे असा नव्हता’ म्हणून. ज्याची ज्याच्याशी आधी गाठ पडली, त्याला तोच खरा.

पण माझ्या प्रबंधाला वळण दिलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक: नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून आलेले. हस्ताक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून कथा मंगलाताईंच्या अक्षरात उतरवून पाठवली होती. आपण सायन्सवाले याला काय म्हणतो? ब्लाइंड रिव्ह्यू! परीक्षकांसमोर ना केंब्रिज होतं, ना पद्मभूषण. स्पॉकचा चेहरा पाहून आलेला वाचक एका टोकाला, तर हे परीक्षक बरोबर दुसऱ्या टोकाला.

पुढं 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. (ते संमेलन आज आठवतं ते दुर्गाबाईंनी आणीबाणीला केलेल्या विरोधामुळे. तिथं विज्ञानकथेचाही विषय निघाला होता हे सहसा कुणी सांगत नाही.) माझ्या पहिल्या मसुद्यात परीक्षकांचा निर्णय आणि दुर्गाबाईंचं मत ही दोन्ही एकाच वाक्यात ‘स्वागत’ म्हणून कोंबलेली होती. पण एक मत नाव माहीत नसताना दिलेलं आहे आणि दुसरं नाव उघड झाल्यावरचं. माझ्या अकरा पत्रांची अशी वाटणी केली तर नऊ पत्रं नाव कळल्यानंतरची निघाली. त्यांत कथेपेक्षा ‘एवढा मोठा शास्त्रज्ञ मराठीत लिहितो’ याचाच आनंद जास्त. तो आनंदही खराच आहे. फक्त तो विज्ञानकथेच्या स्वागताचा पुरावा नाही.

मुलाखतींतही हाच घोळ. सेलूच्या एका निवृत्त मास्तरांना भेटले, तर ते म्हणाले, ‘कृष्णविवर होय, टीव्हीवर पाहिलंय की मी, पंचाहत्तर साली!’ मी वहीत लिहून घेतलं आणि मनात खोडलंही. घरी आल्यावर उमगलं, की मास्तर नव्वदच्या दशकातल्या नारळीकरांच्या ‘ब्रह्मांड’ मालिकेची आठवण वीस वर्षं मागं नेऊन कथेला चिकटवत होते. खोडायची गरज नव्हती. पुस्तक आणि पडदा वाचकाच्या डोक्यात कसे एकमेकांत मिसळतात, त्याचा हा माझ्याकडचा सगळ्यात चांगला नमुना ठरला.

मग गप्प वाचकाचं काय? परभणीतल्या एका जुन्या वाचनालयात विज्ञानकथांच्या प्रतींना मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठ्या अजून शाबूत आहेत. पुस्तक नेलं म्हणजे वाचलं असं नाही, आणि वाचलं म्हणजे आवडलं असंही नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्के दाट आहेत आणि परीक्षांच्या महिन्यांत जवळजवळ नाहीतच. म्हणजे नेणारे बहुतेक शाळाकॉलेजची पोरं असावीत, किंवा पोरांसाठी नेणारे आईबाप. मासिकात पत्रं लिहिणारे नक्कीच हे नव्हेत.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: ‘1974 ते 1980 या काळातील अकरा प्रकाशित पत्रलेखकांपैकी नऊ जणांनी लेखकाच्या शास्त्रज्ञ असण्याचा उल्लेख केला आहे.’ आधीच्याइतकं झोकदार नाही, पण कमिटीसमोर त्यावर एकही प्रश्न आला नाही. प्रश्न आले ते चिठ्ठ्यांवर. त्यांचा तक्ता कसा केला, फाटलेल्या आणि पुसट शिक्क्यांचं काय केलं, ते पुढच्या पोस्टमध्ये फोटोसकट दाखवते.