वतन, बलुते आणि हक्क

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त आमच्या वाचकांस परिचित आहे. राजाने प्रजेच्या रक्षणाची व्यवस्था केली, परंतु निर्धनांस धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या, असा तो क्रम आहे. यातील एका तपशिलाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. पहिला चोर पकडून आणला तेव्हा राजाने त्यास उदरनिर्वाहासाठी धन दिले. दुसऱ्यासही दिले. तेव्हा चोरी केल्यास राजा धन देतो अशी वार्ता पसरली व चोऱ्या अधिकच वाढल्या. म्हणजे देऊनही राजा चुकला. जो समोर येईल त्यास तेवढ्यापुरते देणे, आणि निर्धनाचे देणे असे आधी काहीच ठरलेले नसणे, हा त्याचा दोष होता असे आम्ही मानतो.

हा दोष आपल्या गावगाड्यात शतकानुशतके नांदला, आणि तोही 'हक्क' या नावाने. महारांचे बावन हक्क बेदरच्या बादशहाने दिले, अशी दंतकथा वाडवडिलांच्या तोंडी होती. खळ्यावरचे बलुते, मेलेले ढोर, मढ्यावरचे कापड, घरोघरची भाकरी हे ते हक्क. त्यांच्या बदल्यात येसकराची पाळी, चावडीची झाडलोट, सरकारी वसुलीची ने-आण, शिवेच्या तंट्यात साक्ष, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे आणि मयताचा सांगावा परगावी पोहोचविणे. ज्या हक्काची मागणी हात पसरून करावी लागते आणि जो देणाऱ्याच्या मर्जीने केव्हाही तुटतो, त्यास हक्क म्हणणे ही भाषेची थट्टाच होय.

इंग्रज सरकारने १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेस कायद्याचे कवच दिले. वतनदार महाराने चोवीस तास सरकारी कामास हजर असावे. तो नसेल तर घरातील अन्य माणसास धरून न्यावे. मोबदला काय? हाडकी-हाडोळ्याचा तुकडा, जो पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन वीतभर उरला होता, आणि सरकारने नव्हे तर रयतेने द्यावयाचे बलुते. चाकरी सरकारची आणि वेतन गावाच्या दयेवर, अशी ही विचित्र सोय होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारत'मधून या वतनाची चिकित्सा केली आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. जो वतनदार चाकरीतून मुक्त होऊ इच्छितो त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि जमीन रयतेप्रमाणे आपल्याकडे ठेवावी; जो चाकरीत राहील त्याचे बलुते पैशाच्या रूपात ठरवून ते सरकारमार्फत वसूल व्हावे, असा त्याचा गाभा होता. बाबासाहेबांनी येथे सरकारकडे अनुदान मागितले नाही, धान्यही मागितले नाही. काम कोणते, वेळ किती आणि मोबदला कोण देणार हे कायद्याने ठरावे, आणि नको असल्यास चाकरी नाकारण्याची मोकळीक असावी, एवढेच मागितले. पण एवढ्यानेच गावगाडा हादरला. निवड समितीत विधेयकाचे मूळ रूप उरले नाही आणि १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. आपल्यातही कित्येकांना वतन म्हणजे वाडवडिलांची मिरास वाटत होती, हे येथे नमूद केले पाहिजे. गुलामीचा दस्तऐवज मालमत्तेचा कागद म्हणून जपला गेला, यात दोष केवळ जपणाऱ्याचा नव्हता. त्याच्याजवळ दुसरा कागदच नव्हता.

याच सुमारास सरकारने श्री. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यास समिती नेमली. बाबासाहेब व डॉ. सोळंकी तिचे सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात या प्रश्नाचे मर्म आहे. अस्पृश्य वर्ग आपले नागरी हक्क बजावू लागला की गावचे वरिष्ठ लोक त्याला जमिनीवरून काढतात, मजुरी बंद करतात, बलुते तोडतात; आणि बहिष्कार असा सर्वांगीण असतो की कोणताही कायदा त्यापुढे हतबल ठरावा. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर १९२७ मध्ये कोकणातील आमच्या बांधवांनी हेच भोगले होते. पाण्याचा हक्क भाकरीच्या दोरीने बांधलेला होता. ही दोरी तोडल्यावाचून पाणी मिळणार नाही, हे बाबासाहेबांस कळले होते. म्हणूनच १९३७ चे खोती निर्मूलनाचे विधेयक आणि १० जानेवारी १९३८ रोजीचा शेतकऱ्यांचा मुंबईतील मोर्चा आम्हांस महाडच्या लढ्याचाच पुढील भाग वाटतो.

राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता आणि कलम २३ ने वेठबिगार बंद केली. तरीही महार वतन जाण्यास १९५९ चा ऑगस्ट उजाडावा लागला. ते रद्द करणारा कायदा १९५८ चा. जमीन परत मिळाली ती कब्जेहक्काची किंमत भरून, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतर करता येऊ नये अशा अटीवर. ही अट रक्षणासाठी होती, हे आम्ही मान्य करतो. पण शहरांलगतच्या वतनी जमिनींचे व्यवहार आजही वादात सापडतात, यावरून तिचे रक्षण कितपत झाले हे वाचकांनीच ठरवावे.

ज्यांस वतनही नव्हते, त्यांचा प्रश्न दादासाहेब गायकवाड यांनी उचलला. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी सत्याग्रह ही त्याची दोन पर्वे. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे ठेवलेल्या मागण्यांत पडीक जमिनीचे वाटप, किमान वेतनाची अंमलबजावणी आणि धान्याच्या दरावर नियंत्रण यांच्या बरोबरीने संसदेत बाबासाहेबांचे चित्र लावण्याची मागणीही होती. काही विद्वानांना हे मिश्रण अजब वाटले. आम्हांस त्यात काहीच अजब दिसत नाही.

पुढे राज्य शासनाने गायरानावरील १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये घेतला. कसलेल्या जमिनीचा पुरावा आणावा कोठून, हा प्रश्न मग उभा राहिला. सातबारा नव्हता, पीकपाहणीत नाव नव्हते. गाव नमुना १-ई या अतिक्रमणांच्या नोंदवहीत ज्याचे नाव चढले त्याचाच कब्जा सिद्ध होऊ शकत होता, आणि त्यामुळे गायरानधारक कार्यालयाच्या पायऱ्या चढून आपणास अतिक्रमक म्हणून नोंदवून घ्या, अशी विनवणी करीत. दंडाच्या पावत्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या आहेत.