परवान्याची संहिता: क्यूटीच्या इतिहासातील एक वाद

साहित्याच्या अभ्यासकाला संगणकाच्या आज्ञावल्यांच्या इतिहासाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारल्यास ते गैर म्हणता येणार नाही. तरीही क्यूटी या टूलकिटची हकीकत वाचताना प्रस्तुत लेखकाला सारखी पाठचिकित्सेची आठवण होत राहिली. या हकीकतीत माणसे दहा वर्षे भांडली ती एका संहितेवरून, आणि ती संहिता म्हणजे परवाना.

टूलकिट म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. पडद्यावरची खिडकी, बटण, यादी या गोष्टी विंडोजवर एका रीतीने घडवाव्या लागतात, मॅकवर दुसऱ्या आणि युनिक्सवर तिसऱ्या. एकच आज्ञावली तिन्हीकडे चालवायची तर ती तीनदा लिहावी लागते, नाहीतर मध्ये तिन्ही रीती जाणणारा एक थर लागतो. १९९० च्या उन्हाळ्यात होवार्ड नॉर्ड आणि आयरिक चेंब-एंग हे दोन नॉर्वेजियन तरुण अल्ट्रासाउंडच्या प्रतिमांसाठी अशीच एक तिन्हीकडे चालणारी आज्ञावली लिहीत होते. उद्यानातल्या बाकावर बसून बोलताना त्यांना अशा थराची कल्पना सुचली. १९९४ मध्ये त्यांनी कंपनी काढली. तीच पुढे ट्रोलटेक या नावाने ओळखली गेली. हाती गिऱ्हाईक नाही, भांडवल नाही; दोघांच्या पत्नी नोकरी करीत होत्या म्हणून सुरुवातीची वर्षे निभावली. (अशा इतिहासांत पत्नींचा उल्लेख येतो तो बहुधा एवढ्याच कारणाने.) नावातला ‘क्यू’ नॉर्डच्या संपादकातील टंकात देखणा दिसे म्हणून घेतलेला. मे १९९५ मध्ये क्यूटी लोकांसमोर आले.

ऑक्टोबर १९९६ मध्ये माथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने लिनक्ससाठी सामान्य माणसाला वापरता येईल असे पडद्यावरचे वातावरण घडवण्याची हाक दिली. त्या प्रकल्पाचे नाव केडीई, आणि त्याचा पाया म्हणून त्याने क्यूटी निवडले. वाद येथून सुरू झाला.

इंग्रजीतला ‘फ्री’ हा शब्द दोन अर्थांचा भार वाहतो. मराठीत आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द आहेत. युनिक्सवर मुक्त आज्ञावल्या लिहिणाऱ्याला क्यूटी फुकट मिळे आणि त्याचा स्रोतही वाचता येई. पण त्यात बदल करून ती बदललेली प्रत दुसऱ्याला देण्याची मुभा नव्हती. म्हणजे फुकट खरे, मुक्त नव्हे. केडीईच्या आज्ञावल्या मात्र बहुतांशी जीपीएल परवान्याखाली होत्या, आणि सबंध कृती मुक्त असली पाहिजे ही जीपीएलची अट. ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम हा प्रतिस्पर्धी प्रकल्प सुरू केला तो याच कारणाने. त्यांनी पाया घेतला जीटीके या टूलकिटचा, जे मुळात गिंप या चित्रसंपादकासाठी लिहिले गेले होते. ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियनने तर परवान्यांची विसंगती दाखवून केडीई आपल्या संग्रहातून काढूनच टाकले. आज्ञावली उत्तम चालत होती. आक्षेप निव्वळ वाचनातून आला होता.

ट्रोलटेकने याला दोन उत्तरे दिली. पहिले म्हणजे १९९८ मध्ये केडीईबरोबर स्थापन केलेले प्रतिष्ठान: कंपनीने क्यूटीची मुक्त आवृत्ती काढणे थांबवले, तर शेवटची आवृत्ती अत्यंत सैल परवान्याखाली जाहीर करण्याचा हक्क या प्रतिष्ठानाला मिळाला. एका परीने हे मृत्युपत्रच. दुसरे उत्तर म्हणजे १९९९ मध्ये क्यूटी २.० बरोबर आलेला क्यूपीएल हा नवा परवाना. साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावा असा तोच. त्यात बदल वाटण्याची मुभा होती, परंतु मूळ संहितेपासून वेगळे, निराळ्या पुरवणीच्या रूपात. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत स्वीकृत पाठ वर आणि पाठभेद तळाशी छापलेले असतात, तशीच ही व्यवस्था: मूळ कोणाचे आणि बदल कोणाचा, हे वाचकाला दिसत राहिले पाहिजे. मला ही मागणी अगदी अवाजवी वाटत नाही. पण आपल्या अटींखेरीज अशी जादा अट जीपीएलला मान्य नसल्याने दोन्ही परवाने एकत्र नांदू शकत नव्हते.

सप्टेंबर २००० मध्ये क्यूटीला जीपीएलचाही पर्याय मिळाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याचे स्वागत केले. मात्र पूर्वी जीपीएलचा भंग करणाऱ्यांनी त्या त्या लेखकांची क्षमा मागावी, असेही सुचवले. केडीईच्या गोटात अनेकांना हे झोंबले. शिवाय ही मुक्तता होती फक्त युनिक्सपुरती. सर्वत्र चालणे हेच ज्या टूलकिटचे ब्रीद, त्याला जीपीएल मॅकवर मिळाला २००३ मध्ये आणि विंडोजवर २००५ मध्ये. पुढे २००८ मध्ये नोकियाने कंपनी विकत घेतली आणि २००९ मध्ये एलजीपीएल हा आणखी सैल परवाना आला. त्यानंतरचे मालकीबदल आपल्या विषयाच्या दृष्टीने गौण आहेत.

गौण नाही ती एक वेगळीच गोष्ट. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी टंकली जाते क नंतर, पण पडद्यावर उमटायला हवी आधी. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र तर मराठीत सर्रास येतो. ही जुळणी करणारी यंत्रणा टूलकिटमध्ये असावी लागते. जीटीकेच्या बाजूने ते काम पँगो करी (नावात ग्रीक ‘पॅन’, म्हणजे सर्व, आणि जपानी ‘गो’, म्हणजे भाषा), तर क्यूटीची यंत्रणा स्वतंत्र होती. दोन्हींनी फ्रीटाइप या प्रकल्पातला एकच जुना भाग उचलून आपापल्या परीने बदलला होता. म्हणजे एका मूळ पोथीच्या दोन शाखा. २००६ च्या सुमारास ट्रोलटेकचे लार्स नॉल आणि ग्नोमच्या बाजूचे बेहदाद एस्फाबोद यांसारख्या मंडळींनी त्या शाखा एकत्र आणायला घेतल्या. त्यातून हार्फबझ उभे राहिले. फारसी ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुले. बेहदाद यांनी ते पुढे नव्याने लिहून काढले; आज पँगो आणि क्यूटी दोन्ही तेच वापरतात, आणि क्रोम, अँड्रॉइड व लिब्रेऑफिसमध्येही मराठी अक्षरांची जुळणी तेच करते. त्याचा परवाना अगदी छोटा आहे.