चतुर्विध दान आणि किल्लारीचा धडा

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. संकट कोसळले की पहिली दोन दाने आपोआप सुरू होतात. अन्नाची पाकिटे बांधली जातात, औषधांचे खोके रवाना होतात. उरलेली दोन दाने भावनेच्या भरात देता येत नाहीत. त्यांसाठी कोणीतरी विचारपूर्वक निर्णय घ्यावा लागतो आणि तो वर्षानुवर्षे निभवावा लागतो. महाराष्ट्रात याचा पडताळा १९९३ च्या भूकंपाने दिला.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. त्या दिवशी दिगंबर समाजाच्या दशलक्षण पर्वाची सांगता झाली, गावोगावी गणेशविसर्जन झाले आणि थकलेली माणसे झोपी गेली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांची भूमी हादरली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचा मातीचा भार यांनीच झोपलेल्यांना गाडले होते.

तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी धक्का जाणवताच कोयनेच्या भूकंपमापन केंद्राकडून केंद्रबिंदूची माहिती घेतली आणि त्याच सकाळी लातूरची वाट धरली. प्रवीण परदेशी हे त्या वेळी लातूरचे जिल्हाधिकारी होते. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव पाहणीस येणार होते. त्यांना दहा दिवस थांबण्याची विनंती करण्यात आली व त्यांनी ती मानली, असे पवारांनी २०२१ मधील पुराच्या वेळी सांगितले. मोठा पाहुणा आला की मदतीत गुंतलेली यंत्रणा बंदोबस्ताला लागते, हे त्यामागचे कारण. संकटकाळात काय करावे याइतकेच काय टाळावे हे ठरविणेही नेतृत्वाचेच काम असते.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन सुरू झाले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नवी घरे मजबूत झाली. परंतु नगररचनेच्या धर्तीवर आखलेले रुंद रस्ते व विखुरलेली वस्ती गुराढोरांसह राहणाऱ्या शेतकऱ्यांना सहजी मानवली नाही. जिथे घरे त्याच जागी दुरुस्त व मजबूत करायची होती, तिथे मात्र काम घरमालकांच्याच हाती देण्यात आले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या सहभागाने गावोगावी स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या आणि सुरक्षित बांधकामाची माहिती घरोघरी पोहोचवू लागल्या. ज्याला त्या छताखाली झोपायचे आहे, त्याला निर्णयात स्थान मिळाले. अभयदान ते हेच.

ज्ञानदानाचा निर्णय पुण्यात झाला. १९८५ साली शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणले आणि त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. धान्याचा ट्रक रिकामा करून परतता येते, मुलांना आणल्यावर तसे परतता येत नाही. त्यांचे जेवण, आजारपण, परीक्षा, रात्रीची भीती हे सारे पुढची अनेक वर्षे आपलेच असते. नगर रस्त्यावरील वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र याच बांधिलकीतून उभे राहिले. पुढे तेथे मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही शिकली.

देणाऱ्याच्या सोयीने दिलेले दान कसे वाया जाते, हे २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणममध्ये दिसले. देशभरातून गेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तेथे रस्त्याकडेला पडून राहिले. वस्त्र देण्यामागची भावना खरी होती. फक्त काय हवे हे कोणी विचारले नव्हते.

पवईच्या परिसराने असा प्रसंग स्वतःच २६ जुलै २००५ रोजी अनुभवला. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्याला अवघा ७३. शहराच्या एका टोकाला बसलेल्यांना दुसऱ्या टोकाचा प्रलय कळणेच अवघड होते. विहार व पवई तलाव ओसंडून मिठी नदी फुगली, साकीनाक्याजवळ दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. त्या रात्री अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, चहा-खिचडी दिली. आहारदानात मुंबई कमी पडली नाही. कमी पडली ती वेळेवरची माहिती. पुढील वर्षी महापालिकेने पवईच्या आयआयटीच्या सहकार्याने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले. वेळीच मिळालेली सूचना हेही अभयदानच होय.

सुवर्णमहोत्सवी वर्षात धर्मादाय संस्था आपल्या निधीचा हिशेब मांडतात, तो मांडावाच. परंतु पुढील संकटाचा विचारही याच शांततेच्या काळात व्हावयास हवा. पहिला दूरध्वनी कोणी कोणास करावयाचा, गरज कोणी पाहून यावयाची, कोणती वस्तू नम्रपणे नाकारावयाची आणि मदतफेरी ओसरल्यावर एखाद्या मुलाचे शिक्षण वा एखादे घर शेवटपर्यंत कोणी सांभाळावयाचे, हे आधी ठरलेले असावे. किल्लारीत ढिगारे उपसून झाल्यावर गर्दी परतली. वाघोलीत मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घंटा वाजवावयाची होती.