किल्लारीच्या भेगेतली हवा

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. औसा तालुक्यात चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ही वेळ सांगावी लागत नाही. आदल्या दिवशीचं विसर्जन, थकून झोपलेली गावं, दगड-मातीच्या भिंतींखाली गेलेली हजारो माणसं. हे आपण दरवर्षी लिहितो. आज त्यानंतरची एक गोष्ट सांगतो, जी आपल्याच तालुक्यातली असून आपल्याकडं फारशी कुणी बोलत नाही.

भूकंपानंतर किल्लारीजवळच्या रानात जमीन फाटून वर उचलली गेली होती. प्रश्न असा होता की ही भेग नुसती हादऱ्यानं पडलेली वरवरची, की ज्या खोल फटीनं भूकंप केला तिचंच तोंड? बघून हे कळत नाही. मग हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मातीतली हवा तपासली. त्यात शोधलं काय? हेलियम. फुग्यात भरतात तोच.

हेलियमच का, ते समजून घेण्यासारखं आहे. १८६८च्या सूर्यग्रहणात तो आधी सूर्याच्या प्रकाशात दिसला (विजयदुर्गवाले १८ ऑगस्टला त्याचा दिवसही साजरा करतात), पण पृथ्वीवर सापडला १८९५ साली, रॅमसे यांना, युरेनियमच्या खनिजात. युरेनियम-थोरियम विघटन पावताना हेलियम तयार होतो. ग्रॅनाइटात ही मूलद्रव्यं आपल्या काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी जास्त. हा वायू कशाशी संयोग करत नाही, वाट मिळाली की सरळ वर येतो. साध्या हवेत तो दहा लाखांत फक्त ५ भाग असतो, म्हणून थोडी वाढही उठून दिसते. मातीतली हवा ओढून घ्यायची आणि मास स्पेक्ट्रोमीटरला द्यायची. ते यंत्र अणूंना विद्युतभार देऊन चुंबकानं वळवतं आणि वजनाप्रमाणं वेगळं करतं.

किल्लारीच्या भेगेवर हेलियम असाधारण जास्त निघाला. १९९४ साली ‘करंट सायन्स’मध्ये ते छापून आलं. म्हणजे भेग वरवरची नव्हती, तिची वाट खोल खडकापर्यंत होती. पुढं किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा ३३८ मीटर काळा पाषाण संपल्यावर, मधला गाळाचा पातळ थर सोडला तर, खाली तोच ग्रॅनाइटी जुना खडक लागला.

आता याला दुसरी बाजू आहे. ऑक्टोबर १९९२पासून किल्लारीला धक्के बसत होते, लोक घाबरले होते, पण नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १मध्ये. तो २००२ साली झोन ३मध्ये गेला. इतकी माणसं गेल्यावर! माझ्या मते खरी चूक तिथं आहे.

हेलियम जागा सांगतो, तारीख सांगत नाही. पाऊस पडला, हवेचा दाब बदलला तरी मातीतल्या वायूचं प्रमाण बदलतं. तरी २०२२ला हासोरीत आवाज आले, २०२४ला हिंगोलीकडं धक्का बसला, की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पुढच्या भूकंपाची वेळ फिरते. पुढे पाठवणाऱ्यात शिकलेलेच जास्त.

परवा औशात एका घराचं काम बघायला गेलो होतो. लिंटलला सलग आरसीसी पट्टा नव्हता. मिस्त्री म्हणाला, "सर, आता कुठं भूकंप होतोय." त्याला वय विचारलं. जन्म ९८चा.