न वाचता केलेली दुरुस्ती

रमजानच्या महिन्यात आमच्या जळकोटला तरावीहच्या नमाजात हाफिजसाहेब कुराण मुखोद्गत म्हणतात. मागच्या रांगेत दुसरे हाफिज उभे असतात. पुढे एखादा शब्द अडखळला की मागून तो हळूच पुरवला जातो. याला लुकमा देणे म्हणतात. नमाज मोडत नाही, चूक मात्र तिथल्या तिथे दुरुस्त होते.

पैठणलाही असेच काम झाले. १२९० सालची ज्ञानेश्वरी नकलांवर नकला होत बिघडली होती. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, जुन्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. हाफिज काय किंवा नाथ काय, दुसरी प्रत हाताशी हवी आणि ती वाचता यायला हवी. संगणकातही १९५० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या रिचर्ड हॅमिंग यांनी मजकुरासोबत तपासणीचे जादा अंक जोडले आणि चूक यंत्रालाच शोधायला लावली.

क्वांटम संगणकाने ही वाट बंद केली. त्याचा मूळ घटक क्यूबिट. तो शून्य आणि एक यांच्या मिश्र अवस्थेत असतो. ती अवस्था पाहिली की मोडते. शिवाय अनोळखी अवस्थेची हुबेहूब नक्कल निसर्गनियमानेच होत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले. मग लुकमा द्यायचा कोणी? हे यंत्र कागदावरच राहणार, असे बऱ्याच जाणत्यांना वाटे.

तोड काढली पीटर शोर यांनी, १९९५ मध्ये, तीही बेल प्रयोगशाळेतच. नक्कल करायची नाही. एका क्यूबिटचा मजकूर नऊ जणांत मिळून विणायचा. मग ‘तुझ्यात काय आहे’ असे कोणालाच विचारायचे नाही. ‘तुम्ही एकमेकांशी जुळता की नाही’ एवढेच विचारायचे, तेही मदतनीस क्यूबिटमार्फत. उत्तरांवरून चुकीची जागा कळते, मजकूर झाकलेलाच राहतो. यामागचे गणित माझ्या आवाक्याबाहेरचे. पण विचारण्यातली ही अदब मला फार आवडते.

विचारपूस करायची तर भेटीगाठी हव्यात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्यातली डीआरडीओची प्रयोगशाळा यांनी २०२४ मध्ये सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. अशा चिपवर क्यूबिट जागच्या जागी बसवलेले असतात. दूरच्याशी बोलायला मध्ये दुवे लागतात. अमेरिकेत हार्वर्डच्या मिखाईल लुकिन यांच्या गटाने रुबिडियमचे सुटे अणूच क्यूबिट केले. ते लेझरच्या प्रकाशचिमट्यांत धरायचे आणि हवा तो अणू उचलून हव्या त्याच्या शेजारी न्यायचा. वाटेत अवस्था मोडत नाही. या चिमट्याची विद्या आर्थर अॅश्किन यांची. २०१८ चे नोबेल त्यांना मिळाले तेव्हा वय होते ९६.

डिसेंबर २०२३ मध्ये या गटाने २८० पर्यंत अणू वापरून ४८ संरक्षित क्यूबिट चालवून दाखवले. गाजावाजा खूप झाला. पण त्या ४८ च्या प्रयोगात चूक ओळखून बिघडलेल्या फेऱ्या बाजूला काढल्या होत्या. ओळखणे वेगळे, दुरुस्त करणे वेगळे. हे नाथांच्या वाचकांना सांगायला नको.

शिवाय एखादा अणू चिमट्यातून निसटतोच. २०२५ मध्ये हार्वर्डच्या गटाने राखीव अणूंनी रिकाम्या जागा भरत सुमारे ३००० अणूंची रांग दोन तासांहून अधिक वेळ टिकवली.