लाटांचें कोरीवकाम

सावंतवाडीच्या चिताऱ्यांची खेळणीं प्रसिद्ध आहेत. पांगाऱ्याचें हलकें लांकूड निवडावें, घडवावें, वर रंग चढवावा, ही त्यांची परंपरा. मालवणच्या किनाऱ्यावर मात्र अर्धें काम समुद्र करतो. नद्यांनीं वाहून आणलेलें खोड लाटांनीं झिजतें, सागरी जीव तें पोखरतात. त्यांत दडलेला आकार ओळखणें एवढेंच माणसाकडे उरतें.

ही ओळख म्हणजे पोरखेळ नव्हे. चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुर (१८७१-१९५१) ह्यांनीं उत्तरायुष्यांत काटक्या, मुळ्या व वाळक्या फांद्या ह्यांतून पशुपक्षी उभे केले आणि त्यांस ‘कुटुम-काटाम’ असें नांव दिलें. बंगालींत ‘कुटुम’ म्हणजे आप्त. १९४२ सालीं पिकासोनें सायकलचें सीट व हँडल जोडून बैलाचें मस्तक सिद्ध केलें, तेंहि ह्याच जातीचें.

परंतु सांपडलें तें सारें आपलें, असें समजूं नये. मालवणजवळचा सागरी प्रदेश १९८७ सालीं अभयारण्य झाला. प्रवाळास कायद्याचें संरक्षण आहे. आणि रिकामा शंख कांहीं खेकड्यांचें घर होतो. म्हणून अभयारण्याच्या हद्दीबाहेर वाहून आलेलें लांकूड उचलावें, प्रवाळ व शंख तेथेंच राहूं द्यावे. आप्तांच्या घरांतील वस्तु कोणी उचलून नेत नाहीं.